रुईवरची की घोळीवरची?

सिंदफणेच्या काठी, शिरूर कासारच्या जरा खालच्या अंगाला, बाजरी काढून मोकळ्या झालेल्या रानात तुम्ही उकिडवे बसला आहात. बांधावरच्या बोरीत कोळ्याने जाळं ताणलंय आणि त्यात एक फुलपाखरू सुकून लटकलंय. अलगद सोडवून ते तळहातावर घेता. रंग भगवा. पुढच्या पंखांची टोकं काळी, त्या काळ्यात पांढरा तिरपा पट्टा, पंखांना काळी किनार आणि किनारीत पांढरे ठिपके. कोळ्याने आतलं सगळं शोषून घेतलं, पण पंख धड ठेवले.

शेळ्या हाकत आलेलं पोर वाकून बघतं आणि निकाल देऊन टाकतं. "रुचकीवरलं हाय वो ते. लई असत्यात."

असतात खरी. रुईच्या, म्हणजे इकडच्या रुचकीच्या, झुडपाभोवती संथ घिरट्या घालणारं हे भगवं फुलपाखरू बीड जिल्ह्यात बारा महिने दिसतं. पुस्तकात त्याचं नाव प्लेन टायगर. शनिवारी मारुतीला घालायच्या माळेसाठी पानं तोडताना पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी हाताला लागते, ती याचीच.

पण प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मधोमध तीन काळे ठिपके असतात. नर असेल तर चौथाही, गंधाच्या पिशवीचा. तुमच्या तळहातावर एकच ठिपका आहे, तोही वरच्या कडेला सरकलेला. तुम्ही भिंग काढता. टायगरच्या पंखाची कड सरळ वाहत जाते, इथे ती किंचित दातेरी आहे. टायगरच्या काळ्या छातीवर पांढऱ्या ठिपक्यांची गर्दी असते, इथे ती विरळ. पोर तोपर्यंत शेळ्यांमागे गेलंय.

आज ओळख पटवायची साधनं पुष्कळ आहेत. कृष्णमेघ कुंटे यांचं द्वीपकल्पातल्या फुलपाखरांवरचं २००० सालचं पुस्तक आहे, आयझॅक किहिमकर यांचं २००८ चं आहे, खिशात मोबाइल आहे. याच तालुक्यात तागडगावला सर्पराज्ञीचं वन्यजीव केंद्र आहे. जखमी पशुपक्षी घेऊन लोक तिथे जातात. वाळलेलं फुलपाखरू घेऊन जायला तुम्हाला जरा संकोच वाटतो. शिवाय एक कायदेशीर गुंता आहे. या भगव्या रंगाच्या दोन जाती आहेत असं धरलं, तर त्यातली दुसरी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत नाव असलेली निघते. पहिली तुमच्या डबीत असली तरी कुणी विचारणार नाही. दुसरी मेलेलीही जवळ ठेवायची तर परवानगी लागते. म्हणजे ओळख पटेपर्यंत आपण गुन्हा केला की नाही हेच कळायला मार्ग नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी या एका ठिपक्याचा विचार केला नसावा.

म्हणून तुम्ही मागे जाता. नियम सोपा आहे: डबी आणि भिंग बरोबर येईल, मोबाइल येणार नाही.

पहिला मुक्काम १९२७. ब्रिगेडियर इव्हान्स यांचं भारतीय फुलपाखरांच्या ओळखीचं पुस्तक मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने नुकतंच काढलंय. आधी ते संस्थेच्या जर्नलमधून लेखमाला म्हणून येत होतं. पुस्तकात गोष्टी नाहीत, वर्णनाची हौस नाही. सगळा मजकूर लष्करी हुकुमासारखा तुटक. दोन पर्याय समोर ठेवलेले. एक घ्या, पुढच्या आकड्यावर जा, तिथे पुन्हा दोन. किती आढळतं तेसुद्धा एक-दोन अक्षरांत उरकलेलं. सुरुवातीलाच तो तुम्हाला रंग विसरून नसा बघायला लावतो. फुलपाखराच्या पंखाच्या बुडाशी नसांनी वेढलेलं एक लांबट घर असतं. टायगरच्या कुळात मागच्या पंखातलं हे घर चहूबाजूंनी बंद असतं. तुमच्या डबीतल्या पंखाला बाहेरची भिंतच नाही. घर उघडं. एका फटक्यात टायगर बाद.

आणखी काही आकडे ओलांडून उत्तर हाती येतं: हायपोलिम्नास मिसिपस, मादी. साध्या इंग्रजीत डॅनेड एगफ्लाय.

इथे थांबता आलं असतं. नाव मिळालं. पण इव्हान्सची किल्ली नावापर्यंत नेऊन सोडते. याच पानावर नराचं वर्णन आहे, आणि ते वाचून तुम्ही पुन्हा डबीत डोकावता. नर मखमली काळा. त्यावर मोठे पांढरे डाग, पुढच्या पंखावर दोन, मागच्यावर एक, आणि प्रत्येक डागाभोवती जांभळ्या-निळ्या चमकीचं कडं. भगव्याचा मागमूस नाही. या दोघांना नवरा-बायको ठरवलं कुणी, आणि कशावरून?

पुढची उडी १८८३ च्या सप्टेंबरात. पाऊल मात्र शिरूरमध्येच पडतं. सिंदफणा तीच, पाणी गढूळ, पल्याडच्या काठावर रुईची झुडपं. विजेचे खांब नाहीत, ऊस नाही. जिल्हा भीर, राज्य निजामाचं. महबूब अली खान सतरा वर्षांचे आहेत, कारभार अजून त्यांच्या हाती आलेला नाही. गाडीवाल्याला भाडं द्यायला तुमच्याजवळ हाली सिक्का हवा. नगरला पोचलात की तो चालणार नाही, तिथे कलदार. बैलगाडी पाथर्डीच्या बाजूने निघते आणि हद्दीवर करोडगिरीच्या नाक्यापाशी थांबते. कारकून डबी उघडायला लावतो. अफू नाही, चांदी नाही.

"मेलेलं पाखरू," तो म्हणतो. "याच्यावर जकात काय लावू?"

तो हात हलवून जायला सांगतो. तुम्ही मात्र मनात एक नोंद करून ठेवा. कर्नल चार्ल्स स्विन्हो या लष्करी अधिकाऱ्याने मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरा-पतंगांची मोठी यादी केली आणि ती १८८५ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये छापून आली. त्या काळच्या याद्या वाचताना एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवावी: जिथे छावणी, जिथे कलेक्टरचा तंबू, जिथे रेल्वे, तिथे जाळं फिरलं. माझ्या मते जुनी फुलपाखरांची यादी ही निम्मी साहेबांच्या बदल्यांची यादी असते. फुलपाखरू नाका बघत नाही. जाळीवाला बघतो.

नगरला दौंड-मनमाड रेल्वे आहे, १८७८ साली सुरू झालेली. दौंडला गाडी बदला, बोरघाट उतरा, भायखळ्याला उतरा. राणीच्या बागेला लागून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आहे. आपण आज त्याला भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो. तारीख १५ सप्टेंबर, वार शनिवार. म्हणजे आजही कुठेतरी मारुतीच्या गळ्यात रुई आहे.

आत आठजण जमलेत. दर महिन्याला भेटायचं, टिपणं एकमेकांना सांगायची, नवलाचे नमुने मांडायचे, एवढाच त्यांचा बेत. त्यातून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी उभी राहणार आहे. स्विन्हो त्या आठांतले एक. साताऱ्यात जन्मलेले, जकात आणि मीठ खात्यातले ई. एच. एटकेन दुसरे. आणि दोन मराठी डॉक्टर. एक आत्माराम पांडुरंग तर्खडकर, प्रार्थना समाजाचे. दुसरे सखाराम अर्जुन राऊत. रखमाबाईंचे हे सावत्र वडील. त्यांच्या घरातला खटला सगळ्या देशात गाजायला आता फार दिवस उरलेले नाहीत. या खोलीत त्यांची ओळख निराळी आहे. मुंबईत मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची सूची त्यांनी १८७९ मध्ये छापली आहे. पानं, मुळ्या, चीक, बिया हा त्यांचा विषय.

तुम्ही डबी टेबलावर ठेवता. जाळी घेऊन हिंडलेल्या माणसाचा डोळा पंखावर जाईल, हे उघड आहे. पण झाड कोणतं, हा प्रश्न या टेबलावर सुचेल तर तो सखाराम अर्जुन यांना सुचेल, असं मला सारखं वाटतं. आणि तुमच्याजवळ उत्तर नाही. बोरीतल्या जाळ्यात सापडलं, एवढंच. ते झाड कोळ्याने निवडलेलं होतं, फुलपाखराने नव्हे.

इथून आणखी मागे जायचं ते थोडक्यात उरकू. १८६२ मध्ये हेन्री बेट्स ॲमेझॉनच्या खोऱ्यातली अकरा वर्षं पाठीशी घेऊन सांगतो, की पक्ष्यांना न चालणाऱ्या फुलपाखराचा वेश घेऊन चविष्ट फुलपाखरं जीव वाचवतात. १८६९ मध्ये केप टाउनचा रोलंड ट्रिमेन दाखवतो, की आफ्रिकेतल्या एका शेपटीवाल्या फुलपाखराचा नर एकच, पण माद्या तऱ्हेतऱ्हेच्या, प्रत्येक तऱ्हा निराळ्या कडू फुलपाखराची नक्कल. लोकांनी त्या माद्या वेगवेगळ्या जाती म्हणून नोंदवल्या होत्या. मिसिपसचंही तेच झालं. मिसिपस हे नाव लिनियसने १७६४ मध्ये दिलं, स्वीडनची राणी लोविसा उल्रिका हिच्या संग्रहाच्या सूचीत. प्लेन टायगरचं बारसं त्याने सहा वर्षं आधीच उरकलं होतं. पुढे ॲमस्टरडॅमच्या क्रामरच्या ग्रंथमालेत या मादीचं पंखाला काळं टोक नसलेलं रूप इनारिया या वेगळ्या नावाने आलं. आज इनारिया ही जात नाही, त्याच मादीचं एक रूप आहे. दूरच्या बंदरांतून आलेल्या पेट्या, टाचणीला टोचलेले पंख, चिठ्ठीवर जेमतेम एखाद्या खंडाचं नाव. अशा पेटीतून आईला आणि लेकीला एका घरात बसवणार कसं?

प्लेन टायगरला ओळखायला मात्र माणसाला कधीच अडचण आली नाही. इजिप्तमध्ये थीब्सला नेबामुन नावाच्या कारकुनाच्या थडग्यात, ख्रिस्तापूर्वी सुमारे १३५० च्या भिंतीवर, पाणपक्ष्यांच्या शिकारीचं चित्र आहे. ते आता ब्रिटिश म्युझियममध्ये असतं. लव्हाळ्यांवर उडणारी त्यातली फुलपाखरं प्लेन टायगर आहेत हे बघताक्षणी कळतं. उघड्यावर, निवांत, दिसेल असं उडणं हाच त्याचा धर्म. रुईच्या चिकातली हृदयावर मारा करणारी विषं अळी पोटात घेते आणि ती फुलपाखरापर्यंत उतरतात. कोतवालाने एकदा चोच मारली की पुन्हा तो भगव्याच्या वाटेला जात नाही.

आता शिरूरकडे बघा. हा कमी पावसाचा, बालाघाटाच्या उतारावरचा मुलूख. रुई इथे बांधावर आहे, गावठाणात आहे, पडक्या वाड्याच्या भिंतीत आहे. दुष्काळातही ती हिरवी राहते, कारण गुरं तिला तोंड लावत नाहीत. रुई आहे म्हणून टायगर पुष्कळ आहेत. टायगर पुष्कळ आहेत म्हणून इथल्या पक्ष्यांनी धडा घेतलेला आहे. नक्कल खपते ती अशाच ठिकाणी. जिथे अस्सल कमी आणि नकली जास्त, तिथे पक्षी भगवं दिसलं की खुशाल खातील. मग नर भगवा का नाही? सर्वसाधारणपणे दिलं जाणारं उत्तर असं: अंड्यांनी जड झालेली मादी जमिनीलगत रेंगाळत झाडं शोधते, धोका तिला जास्त, नराला मात्र आपल्या जातीचा म्हणून ओळखू येणं भाग आहे. आपल्या परसातल्या लिंबावर येणाऱ्या कॉमन मॉर्मनची मादीही अशीच दुसऱ्याचा वेश घेते, आणि तो वेश एकाच जनुकाच्या ताब्यात आहे हे २०१४ मध्ये नेचर नियतकालिकात दाखवणाऱ्या चमूत कुंटे होते.

हे सगळं पटलं तरी पुरावा हवाच. पुरावा पंखांत नसतो. त्यासाठी शेवटची उडी घ्या १८९० मध्ये. या साली जेम्स डेव्हिडसन नावाचा कलेक्टर आणि भायखळ्याच्या खोलीतलेच एटकेन यांनी मुंबई इलाख्यातल्या फुलपाखरांच्या अळ्या आणि कोषांवर टिपणं छापली. त्यांची रीत साधी: अळी शोधा, ती कोणत्या झाडावर आहे ते लिहा, तेच झाड खाऊ घालून वाढवा, काय बाहेर येतं ते बघा. हे करायला बंदूक लागत नाही, तंबूही लागत नाही. निजामाच्या शिरूरमध्येही करता येतं.

परतीचा पाऊस होऊन गेलाय. कपाशीच्या ओळींत तण माजलंय आणि त्यात घोळ, तांबूस देठांची, गुबगुबीत पानांची, जमिनीला चिकटून पसरलेली. एक भगवी मादी तुम्ही नजरेने धरून ठेवली आहे. ती रुईवर बसतच नाही. रुईला वळसा घालून खाली उतरते, घोळीच्या पानाला पाय लावते, पोट वाकवते, उडते, हातभर अंतरावर पुन्हा तेच. तुम्ही त्या जागी काटकी रोवता. काही दिवसांनी येऊन बघता तर तिथे एक आजी ओटा खोचून घोळ खुडते आहे. डाळ घालून भाजी करायची म्हणून.

"त्यात अळ्या हायत का आजी?"

"असत्यात की लेकरा. काळ्या, काटेवाल्या. निसताना झटकून द्यायच्या." ती एक जुडी पुढे करते. "घे, बघ. चावत न्हाय."

अळी बोटाच्या पेराएवढी. काळपट अंग, अंगभर फांद्या फुटलेले काटे, डोकं तांबूस आणि त्यावर दोन लांब शिंगं. दिसायला भयंकर, हाताला मऊ. तुम्ही तिच्या जुडीतल्या आणि काटकीजवळच्या अळ्या वेचून मडक्यात ठेवता, तोंडाला फडकं बांधता, रोज ताजी घोळ टाकता. घोळीत पाणी फार, म्हणून तळ रोज पुसावा लागतो. ओल राहिली की अळ्या मरतात. मग त्या एकेक करून फडक्याला उलट्या लटकतात, तपकिरी कोष होतात, आणि तुम्हाला बघत बसण्यावाचून काम उरत नाही.

पहिला कोष सकाळी फुटतो. बाहेर आलेला जीव ओला, पंख चुरगळलेले. तो रिकाम्या कोषाला धरून लोंबतो आणि पंखांच्या नसांत अंगातलं पाणी भरत जातो; सुरकुत्या बघता बघता सुटतात. पंख काळे आहेत. पूर्ण काळे, त्यावर पांढरे डाग. तुम्ही मडकं उन्हाकडे फिरवता तेव्हा डागांभोवतीचं निळं उजळतं, परत फिरवलं की विझतं. दुपारपर्यंत शेजारचा कोष फुटतो. त्यातून भगवी बाहेर येते. मागच्या पंखावर ठिपका एक.

म्हणजे नवरा-बायकोचा प्रश्न तुम्ही भाऊ-बहिणींवरून सोडवला. काळा भाऊ, भगवी बहीण, आणि काटकी रोवलेल्या जागेची भगवी आई. वाढली सगळी एकाच घोळीवर.

आता चिठ्ठी लिहायची. नमुन्याखाली चिठ्ठी नसेल तर संग्रहालयाला तो नुसता रंगीत कचरा; आणि या जोडीच्या बाबतीत चिठ्ठीच खरा नमुना आहे. तुम्ही बारीक अक्षरात लिहिता: शिरूर कासार, सिंदफणेचा काठ, भीर जिल्हा, निजामाचं राज्य. अळ्या घोळीवर मिळाल्या, घोळीवर वाढवल्या. नर आणि मादी एकाच मडक्यातून. तारखेपाशी पेन जरा अडखळतो, कारण तुमच्या डबीतली पहिली मादी अजून जन्मायची आहे. ती या चिठ्ठीत घालायची नाही, ती ज्या सालातली त्या सालाची.

शेवटचा रकाना गोळा करणाऱ्याच्या नावाचा. तुम्ही आपलं नाव लिहायला घेता आणि थांबता. निम्म्या अळ्या दुसऱ्याच माणसाने खुडल्या होत्या. म्हणून चिठ्ठी तशीच हातात धरून परत रानात जाता. आजी कपाशीत वाकलेली आहे.

"आजी, तुमचं नाव काय? कागदावर लिहायचंय."

ती कंबर सरळ करते, आधी कागदाकडे बघते, मग तुमच्याकडे. लेकरा म्हणायचं ती आता विसरली आहे.

"कशाला? सारा वाढवायलाव का काय?"